माझा पारंपरिक मामा

जॅझ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वर्धा जिल्हा येतो का? येत नसेल तर लाजू नका. मुंबईच्या तबकडी कंपनीच्या साहेबांच्या डोळ्यांसमोरही तो आला नाही, आणि ते तर स्वतः वर्ध्याला येऊन जिनिंगच्या गोदामात उभे होते.

गोदाम निवडलं, कारण तिथे कापसाच्या गठाणी रचलेल्या होत्या आणि कापूस आवाज गिळतो. सुट्टीचा दिवस, यंत्रं बंद. साहेब आमची संस्कृती वाचवायला आले होते. ती कोणापासून वाचवायची, हे मी विचारणार होतो. त्यावरचं माझं पत्रकही खिशात होतं. पण मामाने घरूनच दम दिला होता, "आज तोंड बंद ठेवजो. भाषण उद्या."

मामा वर्ध्याजवळच्या सिंदी मेघ्याचा. दुसऱ्या महायुद्धात पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. कलकत्त्याला अमेरिकन शिपायांचं जॅझ ऐकून आला आणि बिघडला. त्याचा जोडीदार ड्रमवाला, तळेगावच्या एका कापडदुकानदाराचा मुलगा. बापाच्या मते तोही बिघडलेलाच. दोघं पोटासाठी लग्नाच्या वराती वाजवत आणि रिकाम्या वेळी स्वतःच्या चाली बांधत. अशा चार चाली झाल्या होत्या: दोन तबकड्या, चार बाजू.

मामाची अट एकच. तबकडीवर दोघांची नावं हवीत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्याने गावकीचं वाजवणं टाकलं होतं. मयत असो की देवीची मिरवणूक, हाक आली की जायचं आणि वाजवायचं. वाजवणाऱ्याचं नाव कोणी विचारत नसे, ते परंपरेनं ठरलेलं काम. आता पहिल्यांदाच त्याने स्वतः केलेलं काही त्याच्या नावाने निघणार होतं. साहेबांनी होकाराची मान हलवली. साहेबांची मान फार उदार होती.

टेप सुरू झाली. पहिली चाल रंगात आली आणि क्लॅरिनेटचा आवाज बारीक होत गेला. पाहतो तर मामा वाजवत वाजवत थेट गठाणींच्या भिंतीपर्यंत पोचलेला.

"अहो, मायक्रोफोन इथे आहे!" साहेब ओरडले.

"मामा, तू चालून काऊन राह्यला?" मी विचारलं.

"चाललो?" मामाला खरंच पत्ता नव्हता. "पलटणीत चालत वाजवलं, वरातीत चालत वाजवलं. उभ्यानं वाजवाची सवयच नाई. पाय थांबले का बोटं बी थांबते."

"दादा, इथं नवरदेव नाई," ड्रमवाला म्हणाला. "कोनाच्या मांगं चालला?"

मामाला उभं केलं, तर तो धडा म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखा वाजवू लागला. सुटा सोडला की पुन्हा भिंतीकडे. साहेब घड्याळ पाहू लागले. तेव्हा तोंड बंद ठेवायला सांगितलेल्या मी ते उघडलंच. "मामा, जागच्या जागी चाल."

जमलं! पलटणीचे बूट गोदामाच्या फळ्यांवर धाडधाड पडू लागले आणि बोटं मोकळी झाली. दुपारपर्यंत चारही चाली टेपवर. "हा पायांचा ठेका! अगदी अस्सल!" साहेब म्हणाले. आम्ही फुगलो. हे कौतुक किती महागाचं आहे ते चार महिन्यांनी, तबकड्यांचं पार्सल आलं तेव्हा कळलं.

लेबलवर छापलं होतं, 'वऱ्हाडी पारंपरिक लोकनृत्य. वादक : ग्रामस्थ.'

अमेरिकन शिपायांची परंपरा वऱ्हाडात कोणत्या शतकात रुजली, हे मी कंपनीला पत्राने विचारलं. उत्तर आलं, फार सभ्य. पायांच्या ठेक्यावरून हे नृत्यच असल्याचं तज्ज्ञांचं मत पडलं, आणि परंपरेला कर्ता नसतो. म्हणजे तज्ज्ञांना पुरावा मीच पुरवला होता. जन्मभर परंपरेविरुद्ध पत्रकं काढीन म्हणणाऱ्या मी एका दिवसात एक नवी परंपरा जन्माला घातली.

मामाने लेबल दोनदा वाचलं. "मले वाटलं गावकी सुटली," तो म्हणाला. "ते तं मुंबईले जाऊन बसली."

"माहा बाप मात्र खूश हाय," ड्रमवाला म्हणाला. "म्हने, बरं झालं, नाव नाई आलं."

मामा हसला नाही. त्या आठवड्यात त्याने क्लॅरिनेटला हात लावला नाही. मी म्हटलं, तुमची नावं माझ्या पत्रकात ठळक अक्षरांत छापतो. तो म्हणाला, "तुह्या कागदावर नको. माह्या तबकडीवर पाह्यजे." म्हणून इथेही ती लिहिलेली नाहीत. त्याचा शब्द मोडायचा अधिकार मला नाही. आधीच एकदा सल्ला देऊन बसलोय.

तेव्हा काम तुमच्यावर येतं. ही तबकडी तुमच्या घरी, शाळेत, हॉटेलात कुठेही दिसली तर पाकीट उलटून पाहा. मागे कंपनीचा पत्ता आहे. एक पोस्टकार्ड टाका. शिव्या लिहू नका, त्या माझ्या लिहून झाल्या आहेत. एवढंच लिहा : 'या चाली दोन माणसांनी बांधल्या आहेत. त्यांची नावं छापा.' आणि खाली, न विसरता, स्वतःची सही करा.