वैद्यांचा ईथर

आमच्या शंका मंडळातले किस्से घरातल्या जुन्या वायरींसारखे साठतात. उपयोग काही नाही, पण टाकवत नाहीत.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर शनिवारी संध्याकाळी मंडळ भरतं. खुर्च्या आठ, आणि निवृत्त माणसं गल्लोगल्ली. म्हणून नियम असा, की ज्याला विज्ञानातली शंका आहे त्यालाच खुर्ची. शंका फिटली की खुर्ची पुढच्याला. उत्तरं द्यायला कल्याणचे कांबळे सर, कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. नियम पाळून घ्यायला बाळकुमच्या म्हात्रेबाई. त्यांच्यापुढे वशिला चालत नाही.

* * *

वैद्य टेलिफोन खात्यातले. त्यांची शंका एकच. आवाजाला हवा लागते, लाटेला पाणी लागतं. मग सूर्यापासून इथवर प्रकाशाची लाट येते ती कशातून?

सरांनी सांगितलं, की पूर्वी शास्त्रज्ञांनाही हेच वाटायचं. त्या न दिसणाऱ्या माध्यमाला त्यांनी ईथर नाव दिलं, कसून शोधलं, पण तो सापडला नाही.

वैद्य म्हणाले, "सापडला नाही म्हणजे नाही? केबलचा फॉल्ट कधी पहिल्याच खड्ड्यात सापडलाय?"

* * *

दुसऱ्या शनिवारी सर म्हणाले, पृथ्वी ईथरमधून धावत असती तर त्याचा वारा लागला असता. प्रकाशाच्या वेगात फरक पडला असता. मोजून पाहिलं, पडत नाही.

वैद्यांचा मुलगा घोडबंदर रोडला राहतो. ते म्हणाले, त्याच्या गाडीत काचा लावून बसलं की वारा लागत नाही, म्हणून काय बाहेर हवा नसते?

"घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी हलेल तेव्हा वाऱ्याचं बघू," म्हात्रेबाई म्हणाल्या.

* * *

नेन्यांना आकाश निळं का, ही शंका होती. ती फिटली. खुशीत पेढे वाटून गेले.

पुढच्या शनिवारी पाहतो तर खिडकीबाहेर, गज धरून, डास मारत उभे! म्हात्रेबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पेढ्यांची घाई झाली."

* * *

वैद्यवहिनी वारल्यापासून वैद्य आठवडाभर फारसे कुणाशी बोलत नाहीत. शनिवारी मात्र तासभर कडकडून भांडतात, घरी जाताना दूध घेतात, आम्हालाही घ्यायला लावतात.

एकदा सरांना रिक्षात बसवताना मी विचारलं, "तुमच्याकडे याहून पक्का पुरावा नाही का हो?"

"आहे ना," सर म्हणाले. "म्हणूनच घरी ठेवलाय."

* * *

आणि परवाचा शनिवार.

वैद्य आले, पण बसले नाहीत. म्हणाले, आठवडाभर वाचत होतो. प्रकाशात विजेचं क्षेत्र चुंबकाचं क्षेत्र उठवतं, चुंबकाचं पुन्हा विजेचं, आणि तसंच पुढे सरकत राहतं. धरायला दुसरं काही लागत नाही.

"पटलं," ते म्हणाले. "एवढ्या लांबून एकटाच येतो तो." आणि आपली खुर्ची मिटून भिंतीला लावायला निघाले.

म्हात्रेबाई पंख्याकडे बघत बसल्या.

आयुष्यभर ईथर नाही म्हणून शिकवत आलेले कांबळे सर उठले. त्यांनी वैद्यांच्या हातातली खुर्ची घेतली, उघडली, जागेवर ठेवली.

"बसा हो वैद्य. असं लगेच पटवून घ्यायचं नसतं. ईथरच्या बाजूचा एक मुद्दा राहिलाय. आज मी मांडतो."