चुकीची चाल

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत मागच्या बाकावरचा नवा माणूस गीत भलत्याच चालीवर म्हणत होता, तेही मोठ्यानं. मी दोनदा वळून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या मार्थाबाई मात्र उठल्या, त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि हलक्या आवाजात बरोबर चालीवर गाऊ लागल्या. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या कडव्यात तो अडखळला, तिसऱ्यात त्यांच्या सुरात मिसळला.

दुसऱ्याची चूक दिसायला नुसती मान वळवली तरी पुरतं. ती सावरायला आपली जागा सोडावी लागते.

शेवटच्या कडव्याला मार्थाबाई परतल्या. इतका वेळ मी एक ओळही म्हटली नव्हती. त्यांनी माझ्या गीतांच्या पुस्तकातल्या ओळीवर अलगद बोट ठेवलं.

"आपण इथं आहोत, बाळा."