अंबोसेलीत राहिलेला बाळकृष्ण

देव हाकेला धावून येतो असं कोणी सांगू लागलं की पूर्वी मी हसून विषय बदलत असे. ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी नोकरी. दिवसभर रक्ताचे नमुने तपासणाऱ्या बाईला डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं वाटायचं. त्यात ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं आमच्या घराला फार जड गेली. नागपूरला सासरे वारले आणि सुधीर, म्हणजे माझा नवरा, आईंना कायमचं आमच्याकडे, ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडला घेऊन आला. आम्ही दोघं कामाला गेलो की माझ्या सासूबाई त्या भल्यामोठ्या घरात एकट्या. गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि दार उघडलं तर बाहेर नुसती भट्टी. हळूहळू त्यांचं बोलणं आटलं. त्यांना डायबेटिस होता. इन्सुलिनचं इंजेक्शन मी रोज द्यायची, पण पानातलं अन्न त्या नुसतं चिवडायच्या. "आता कोणासाठी जेवायचं गं?" असं एकदा अगदी शांतपणे म्हणाल्या, तेव्हा मी हादरलेच.

त्या बोलायच्या फक्त त्यांच्या बाळकृष्णाशी. मुठीत मावेल एवढी पितळेची रांगती मूर्ती, उजवा हात पुढे केलेला. रोज सकाळी त्या हातावर लोण्याचा इवलासा गोळा ठेवायचा, साखर घालायची आणि डोळे मिटून हात जोडून बसायचं, कारण कोणी बघत असलं की बाळ खात नाही. त्यानंतरच स्वतःच्या तोंडात घास. मला या सगळ्याची गंमत वाटायची, पण त्या सकाळी लाडाने काहीतरी पुटपुटतात एवढाच काय तो जिवंतपणा उरला होता. म्हणून मीही गुपचूप शेजारी डोळे मिटून बसायची.

एका रविवारी टीव्हीवर हत्तींचा कळप बघताना त्या खुदकन हसल्या. सुधीरने तेवढ्यावर केनियाची तिकिटं काढली. "अरे, त्यांना इंडियन स्टोअरपर्यंत न्यायचं तर तू वीकेंडची वाट बघतोस!" मी म्हटलं. पण बाळकृष्णाला रुमालात गुंडाळून, पर्समध्ये बसवून आई निघाल्यासुद्धा.

अंबोसेलीच्या जंगलाला लागून असलेलं आमचं लॉज काही फार थाटाचं नव्हतं. ओळीने बसक्या खोल्या, प्रत्येकीला एक ओटी, मच्छरदाण्या आणि दुपारी बंद पडणारा जनरेटर. आईंचं इन्सुलिन स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवलेलं. पण आचाऱ्याला चपात्या येत होत्या, आणि ओटीवर बसलं की समोर किलिमांजारो. पहिल्याच दिवशी हत्तीचं पिल्लू आईच्या पायांत लुडबुडताना पाहून आमच्या आई म्हणाल्या, "अगदी सुधीर होता तसा." दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक चपाती मागून घेतली. मी सुधीरकडे पाहिलं तर तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

तिसऱ्या सकाळी मी नेहमीप्रमाणे इंजेक्शन दिलं आणि आईंनी पूजा मांडली ती ओटीवर, देवाला उगवतीचं ऊन लागावं म्हणून. खाण्याचा कुठलाही पदार्थ बाहेर ठेवू नका, अशी सूचना दारावरच लावली होती. पण नैवेद्य हा खाण्याचा पदार्थ आहे, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही. घंटी वाजवली, हातावर लोणी ठेवलं, डोळे मिटले. काहीतरी खुडबुडलं. डोळे उघडले तर पाट रिकामा, आणि समोरच्या काटेरी झाडावर एक माकड आमच्या बाळकृष्णाला हातात धरून चाटत होतं. मी ओरडले मात्र, ते मूर्तीसकट पसार.

सुधीर आणि लॉजची माणसं शोधायला धावली. आई मुकाट्याने खोलीत येऊन बसल्या. मी चहा-पाव पुढे केला तर म्हणाल्या, "तो तिकडे उपाशी आणि मी इथे जेवू?"

"आई, इंजेक्शन दिलंय मी. आता खाल्लंच पाहिजे. लोणी खाऊन गेलाय तो, उपाशी कसला!"

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. थोड्या वेळात त्यांच्या कपाळावर घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळायला लागलं. इन्सुलिन घेऊन पोटात काही नसलं की काय होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर होता तो कच्च्या रस्त्याने कित्येक तासांवर. मी साखर हातात घेऊन रडत विनवत होते आणि त्या मान फिरवत होत्या. अखेर माझं सगळं शहाणपण संपलं. रिकाम्या पाटाकडे बघून मी मनात म्हटलं, 'मला जमत नाहीये रे. आता तूच बघ.'

दारावर टकटक झाली. पांढऱ्या साडीतल्या, आईंच्याच वयाच्या एक गुजराती बाई उभ्या होत्या. नैरोबीच्या, पलीकडच्या खोलीत उतरलेल्या. गाडी निघायच्या बेतात होती, पण रोज सकाळी कोणाच्या तरी पूजेची घंटी ऐकू येते, म्हणून जाताना त्या आपल्या देवाचा प्रसाद द्यायला आल्या होत्या. मी कसंबसं घडलेलं सांगितलं. त्या सरळ आईंजवळ जाऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बेन, कान्हा तो वन में खेलने गया है. भूखा लौटेगा तब खिलाएगा कौन? माँ को तो ताकत चाहिए. लो, ये मेरे लालजी का परसाद है, इसको ना नहीं बोलते."

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं. खडीसाखर, मग पेढा, मग मी धरलेला गोड चहा. बाहेर हॉर्न वाजला तशा त्या बाई उठल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

घंटी ऐकून शेजारीण आली, एवढंच घडलं हे मलाही कळतं. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी तेव्हापासून नमस्कार करताना हात खरोखरच जोडते आणि पुढचं त्याच्यावर सोपवते. त्या अनोळखी माऊलीला मात्र रोज आठवते.

मूर्ती काही सापडली नाही. त्याच दुपारी लॉज सोडताना सुधीर चाचरत म्हणाला, "आई, नागपूरहून दुसरी मागवू या."

"नको रे. एवढी हत्तींची पिल्लं सोडून तो कशाला येतोय आपल्या शुगर लँडला!" असं म्हणून आई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या, त्या बाईंनी दिलेल्या प्रसादाच्या पुडीतला उरलेला अर्धा पेढा माझ्या तोंडापाशी धरला आणि म्हणाल्या, "तू सकाळपासून उपाशी आहेस. आ कर."