अंगणातलं वाळकं झाड

माझ्या आईनं अमेरिकेत आल्यावर अकराव्या दिवशी आमचं घर शुद्ध केलं, आणि त्याच संध्याकाळपासून घराबाहेर कोणीतरी उभं राहायला लागलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मी डेटाबेस सांभाळतो. (तिथली भुतं वेगळी.) पण आमचं घर आहे स्टेट कॉलेज नावाच्या गावाच्या अगदी टोकाला. कॅम्पसची बस जिथून वळून परत जाते, त्याच्यापुढे दोन घरं, आणि मागे थेट रान. ऑक्टोबर संपत आला की पानं गळतात, रान उघडं पडतं, आणि सकाळ-संध्याकाळ दरीतलं धुकं वर येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून बसतं. आईला हे घर पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

"सुहास, आधी कोण राहायचं रे इथे?"

"एक म्हातारी बाई राहायची म्हणे."

"मग गेली?"

"हो."

"अरेरे," आई म्हणाली आणि तिनं जिन्याकडे बघून हात जोडले.

बाई फ्लोरिडाला गेली होती. पण मी तेव्हा फोनवर होतो. खुलासा राहून गेला, आणि त्या रात्रीपासून आई जिना चढताना खोकायला लागली. कोणी वर असेल तर बाजूला व्हावं म्हणून!

आता धनंजय. हा माझा मित्र. मूळचा नागपूरचा, विद्यापीठात काचेवर संशोधन करतो, आणि पानांचा रंग बदलला की धनुष्यबाण घेऊन रानात जातो. तो साध्या हरणांच्या मागे नसतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांतला एक पोक्त नर त्यानं हेरून ठेवला होता. दहा टोकांची शिंगं, डावा कान फाटलेला. त्याला तो अण्णासाहेब म्हणायचा. गेली तीन वर्षं अण्णासाहेब फक्त झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात दिसायचे, तेही पाठमोरे.

"लहान नर कोणीही मारते बे," धनंजय म्हणायचा. "पोक्त नराची वाट पाहावी लागते."

मी त्याच्याबरोबर जायचो ते नुसता वाट पाहायला. माझ्याकडे परवाना नाही, आणि त्याचं धनुष्य मी एकदा ओढून पाहिलं तेव्हा धनुष्य तसंच राहिलं, खांदा निखळून आला! आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी मी शनिवारी पहाटे फिरायला जायचो. पोराला अमेरिकेत चांगली सवय लागली म्हणून तिनं कराडला चार घरी फोनही केले होते.

त्या बुधवारी धनंजयनं मला एक छोटी बाटली दिली.

"शनिवारपर्यंत तुझ्या फ्रीजमध्ये ठेव. माझा रूममेट मागच्या वेळी घर सोडून जाऊन राहिला होता."

"आहे काय यात?"

"माजावर आलेल्या हरणीचं मूत्र. दुकानात मिळते. सध्या नरांच्या माजाचे दिवस आहेत. दोन थेंब टाकले की नर वास काढत येते, मंग त्याला ना भूक दिसते ना माणूस."

मी बाटलीवरचं हरणाचं चित्र नखानं खरवडून काढलं आणि ती दह्यामागे लपवली. माझ्या बायकोला, मंजिरीलाही सांगितलं नाही. मला वाटलं, आता हे कोणाला कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. आईनं गवारीसाठी फ्रीज उघडला आणि दह्याचं भांडं सरकवलं.

"सुहास, हे पिवळं काय आहे रे?"

त्या क्षणी मला शंभर उत्तरं देता आली असती. सरबत, शाम्पू, मंजिरीच्या लॅबमधलं काहीतरी. पण आई बाटली नाकाशी नेत होती, तो वास सरबताच्या खात्यात घालणं शक्य नव्हतं, आणि दिवस वसुबारसेचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "गोमूत्र आहे, आई. तुझ्यासाठी आणलं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या लांब, परक्या मुलखात तू आठवणीनं..." तिला पुढे बोलवेना. मलाही!

शुक्रवारी मी ऑफिसला गेलो आणि आईनं घर शुद्ध केलं. चारी कोपरे, उंबरा, तुळशीची कुंडी, पायऱ्या, आणि त्या गेलेल्या बाईसाठी जिना सगळा. मंजिरी लॅबमधून आली तेव्हा आई म्हणाली, "आता कसं प्रसन्न वाटतंय ना?" मंजिरीनं दोन खिडक्या उघडल्या. वास अंगणात गेला, अंगणातून रानात गेला.

मी घरी पोचलो तेव्हा अंधारून यायला लागलं होतं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी.

"सुहास, ते वाळकं झाड काल तिथे होतं का?"

मी पाहिलं. धुक्यात, बागेच्या शेडच्या बाजूला, एक बिनपानांचं, फांद्या वर करून उभं असलेलं झाड.

"असेल गं."

"नव्हतं. काल मी तिथेच पणत्या सुकत ठेवल्या होत्या."

"मग आज उगवलं असेल," मी म्हणालो.

झाडानं मान वळवली.

मी पडदा ओढून घेतला. (यालाच शास्त्रीय दृष्टिकोन म्हणतात.)

"काय होतं रे?"

"वारा."

आईनं बाटली आणली आणि खिडकीच्या चौकटीवर चार थेंब शिंपडले. दहा मिनिटांनी पडदा किलकिला करून पाहिलं. झाडं दोन झाली होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर कोणाच्याही लक्षात आलं असतं. माझ्या आलं नाही. आईनं बाटलीचं नेमकं काय केलंय हे मी विचारलंच नव्हतं. उत्तर ऐकायची भीती वाटत होती. आणि त्यात धनत्रयोदशी. दक्षिणेकडे तोंड करून यमाला दिवा लावायचा असतो. आईनं कणकेचा दिवा मागच्या पायरीवर ठेवला, वात पेटवली, हात जोडले, आणि समोर काळोखात, जमिनीपासून साधारण माझ्या छातीइतक्या उंचीवर, दोन हिरवे डोळे उघडले.

आवाज नाही. पाऊल नाही. फक्त डोळे, त्यांच्या वर शिंगांची सावली, आणि नाकातून येणारी वाफ.

"शिंगं आहेत," आई पुटपुटली. "रेड्याची असणार. सुहास, तो दिवा घ्यायला स्वतः आलाय."

मंजिरी म्हणाली, "कोणासाठी पण?"

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं! घरात कोलेस्टेरॉल मलाच आहे.

आम्ही दार लावून घेतलं. बाहेर कोणीतरी खोल घशातून, दारावर ओठ टेकवून बोलल्यासारखं गुरगुरलं. एकदा. थांबून परत एकदा. मग लाकडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला, सावकाश, वरून खाली. आई रामरक्षा म्हणत पुन्हा शिंपडत सुटली. जितका आवाज वाढे, तितकी ती शिंपडे. आणि जितकी ती शिंपडे...

झोपण्यापूर्वी मी देव्हाऱ्यातली बाटली पाहिली. तळाशी दोन बोटं उरलं होतं! धनंजयला पहाटे काय देऊ? शेवटी तशाच दुसऱ्या बाटलीत गार झालेला आल्याचा कोरा चहा भरला. रंग तंतोतंत जुळला.

शनिवारी उजाडायच्या आत आम्ही दरीपलीकडच्या, रस्त्यानं वळसा घालून तासाभरावरच्या एका शेतकऱ्याच्या रानात मचाणावर होतो. मचाण म्हणजे ओकच्या झाडाला वीस फुटांवर बांधलेल्या दोन खुर्च्या. पडू नये म्हणून पट्ट्यांनी आम्हीही झाडाला बांधलेले. धनंजयनं बाटलीत वात बुडवून खालच्या फांदीला टांगली. आम्ही वाट पाहायला लागलो.

उजाडलं. धुकं खोडाखोडांतून वाहत होतं. एरवी या वेळी खारी धावतात, पानं वाजतात, एखादी हरणी पाडसाला घेऊन जाते. त्या दिवशी काहीच नाही. सगळं रान कोणीतरी रिकामं करून गेल्यासारखं. तास गेला, दीड तास गेला.

"कुठे गेले बे सगळे?" धनंजय कुजबुजला. "तीन वर्षांत मी असं रान पाह्यलं नाही."

मग त्यानं हवा हुंगली.

"सुहास."

"काय?"

"इथे आल्याचा वास येऊन राहिला."

मी खालच्या फांदीकडे बघणं टाळलं.

"त्या बाटलीत काय आहे बे?"

"चहा," मी म्हणालो. "कोरा."

माणूस वीस फुटांवर झाडाला बांधलेला असताना कबुली देऊ नये, कारण पळता येत नाही. मी सगळं सांगितलं. धनंजय ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर फासलेल्या हिरव्या-काळ्या रंगातून नुसते डोळे मोठे होताना दिसत होते.

"काकूंनी ते कुठे शिंपडलं?"

तेवढ्यात माझा फोन थरथरला. मंजिरीनं फोटो पाठवला होता. आमचं मागचं अंगण, धुकं, आणि त्यात सहा वाळकी झाडं. सगळ्यांची तोंडं आमच्या घराकडे. खाली लिहिलं होतं, 'सुहास, प्लीज ये. आई पुढच्या दारी रांगोळी काढायला बसल्यात आणि हाका मारूनही आत येत नाहीयेत.'

धनंजयनं फोटो बोटांनी मोठा केला. सगळ्यात पुढच्या नराचा डावा कान फाटलेला होता.

"अण्णासाहेब," तो म्हणाला. आवाज रडवेला होता.

आम्ही पिकअपमधून तासाचं अंतर कसं कापलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मंजिरी फोन उचलत नव्हती आणि मला गाडीत हीटर चालू असूनही थंडी वाजत होती. काय असतं ते खोटं बोलणं? चार शब्द! आणि त्यापायी सत्तरीची आई माजावर आलेल्या जनावरासमोर एकटी. धनंजयनं वाटेत एकदाच तोंड उघडलं. "माजाच्या दिवसांत हे नर माणसावरही धावतात बे." मी त्याला पुढचं बोलू दिलं नाही.

घराच्या बाजूला धुकं तसंच होतं. पुढच्या पायऱ्यांवर आई उभी. एका हातात रांगोळीचा डबा, दुसऱ्या हातात बाटली. तिच्या आणि दाराच्या मध्ये, पाठ दाराला लावून, अण्णासाहेब. मान फुगून खांद्याएवढी झालेली, शिंगांत आमचं झेंडूचं तोरण अडकलेलं. दाराच्या काचेमागे मंजिरी, तोंडावर हात धरून. फोन तिच्या पायाशी पडलेला. कोणीही हलत नव्हतं. फक्त त्याच्या नाकातली वाफ रांगोळीवर येत होती.

धनंजयचं धनुष्य मागच्या सीटवर होतं. त्याला घराजवळ बाण सोडायची कायद्यानं बंदी, आणि सोडायचा म्हटलं तरी पलीकडे माझी बायको. तो स्टिअरिंग धरून नुसता बघत राहिला.

मी उतरलो. हात पसरून आईच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. जन्मात एकदाच मी असा वागलो आहे, हे नमूद करून ठेवतो.

"आई, माझ्यामागून हळूहळू गाडीकडे जा."

"तू बाजूला हो! तो तुलाच न्यायला आलाय!"

"आई, ते हरीण आहे!"

"थांब, मी करते तुझी राखण!" असं म्हणून माझ्या जन्मदात्या आईनं ती बाटली उघडली आणि उरलेली दोन बोटं माझ्या डोक्यावर पालथी केली.

ते गार ओघळ कपाळावरून, नाकावरून, कॉलरमध्ये गेले. अण्णासाहेबांनी मान वर केली. वरचा ओठ मुडपला. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग परवडला असता!

मी पळालो. घराला पहिली फेरी घातली तेव्हा मागे एकच जनावर होतं. मागच्या अंगणातून गेल्यावर खुरांचा आवाज वाढला. दुसऱ्या फेरीत मी पायऱ्यांसमोरून जाताना आई ओरडली, "अरे, तुळशीला उजवी घाल!" तिसऱ्या फेरीला धनंजयनं गाडीचं दार उघडलं, मी आत उडी मारली, त्यानं दार ओढलं, आणि पुढच्याच क्षणी काचेला बाहेरून एक ओलं नाक चिकटलं.

तो तिथे किती वेळ उभा होता, सांगता येणार नाही. काच त्याच्या श्वासानं पांढरी होई, पुन्हा निवळे, आणि निवळली की तोच काळा, स्थिर डोळा. आत आम्ही दोघं श्वास धरून. त्याच्या मागे धुक्यात बाकीचे पाच, रांगेत. माझ्यापासून वीतभर अंतरावर, तीन वर्षांत पहिल्यांदाच, धनंजयला अण्णासाहेब समोरून दिसत होते.

शेवटी आईनं पायरीवरून रिकामी बाटली फेकली आणि कराडला दारात आलेली गाय हाकलतात त्या सुरात ओरडली, "हट्! हट् म्हणते ना मेल्या!" अण्णासाहेबांनी मान वळवली, शिंगातलं तोरण एकदा झटकलं, आणि सावकाश, मागे न बघता धुक्यात चालत गेले. त्यांच्यामागे बाकीचे. शेवटची पांढरी शेपटी दिसेनाशी झाल्यावर अंगणात काही उरलं नाही.

मी बाहेर येऊन आईला सगळं सांगितलं. शिकार, बाटली, हरणी, सगळं. मला वाटलं, आता ती परतीचं तिकीट काढायला सांगणार. तिनं रानाकडे पाहिलं.

"म्हणजे तो बिचारा आशेनं आला होता," ती म्हणाली. "आणि पुढ्यात काय, तर तू."

एवढं बोलून ती घर धुवायला आत गेली. मंजिरीनं मला आत येऊ दिलं नाही. बागेच्या पाइपाखाली, नोव्हेंबरच्या थंडीत, मी कपड्यांसकट आंघोळ केली.

धनंजयनं त्या हंगामात पुन्हा धनुष्य उचललं नाही. मी एकदा विचारलं, इतक्या जवळून बघितल्यावर मारायचं मन होत नाही का? तो म्हणाला, "नाही बे. मला त्या नराबद्दल लई आदर होता. पण तुझ्यामागे तीन फेऱ्या मारताना पाह्यला, तेव्हापासून मनातून उतरला तो."