करकरणारं स्टूल

डेपोत त्याला सगळे ‘लोणी’ म्हणायचे. स्वभाव बघून नव्हे. स्वभावाने तो मिरचीच होता. भांडायला उभा राहिला की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची. पण बस थांबवायचा अशी अलगद, की उभ्या म्हातारीलाही दांडा धरावा लागू नये. बायकोला या नावाचा भलताच अभिमान. बाजारात कोणी ‘लोणीची बायको’ म्हटलं की ती घासाघीस करायचीच विसरायची.

आता हे नावच पणाला लागलं होतं. मधुमेह निघाल्यापासून ड्रायव्हरची मेडिकल त्याच्यासाठी जास्तच कसून व्हायची. पास झाला तर बस, नापास झाला तर तिकिटाची खिडकी. हातातली बस सुटून खिडकीत गेलेल्या ड्रायव्हरांकडे तो बघायचासुद्धा नाही. “मला तिथे बसवण्यापेक्षा बरणीत घालून फडताळात ठेव,” असं तो बायकोला म्हणायचा.

म्हणून यंदा त्याने कंबर कसली. चहा बिनसाखरेचा झाला, आणि तो पिताना चेहरा असा, की जणू घरातलं कोणी गेलंय. गोळी हटकून विसरणारा हा माणूस आता बायकोलाच घड्याळ दाखवायला लागला. जेवण झालं की गल्लीत फेऱ्या, वाटेत कुत्र्यांशी भांडण. शेवटी साखर ताळ्यावर आली. डेपोच्या नर्सबाई खूश झाल्या, पण जाता जाता म्हणाल्या, “या वेळी पायही बघतील हं. या आजारात तळव्याची जाणीव जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. डोळे मिटायचे. ते बारीक तार टेकवतील. कळलं की हो म्हणायचं.”

“एवढंच ना?” तो म्हणाला.

एवढंच असलं तरी सराव हवाच. बायकोने कपड्यांच्या ब्रशचा एक ताठ केस पेन्सिलीला चिकटवला. संध्याकाळी तो पलंगावर पाय लांब करून डोळे मिटायचा आणि ती स्वयंपाकघरातलं जुनं लाकडी स्टूल ओढून समोर बसायची. ती वाकायची, केस टेकवायची, तो म्हणायचा, “हो.” अंगठा, हो. चवडा, हो. टाच, हो. एकदाही चुकला नाही. ती निर्धास्त झाली.

तशी मध्ये एकदा तिच्या मनात पाल चुकचुकली होती. ती त्याच्याच बसमधून येत होती. थांब्यावर बसने असा हिसका दिला, की उभ्या असलेल्या एका आजोबांचं कपाळ दांड्यावर आपटलं. “ब्रेक नवे आहेत, अजून पायाच्या सवयीचे झाले नाहीत,” असं तो घरी म्हणाला. तिने लगेच मान्य केलं. लोणीच्या पायात दोष निघण्यापेक्षा ब्रेकात निघालेला तिलाही बरा होता.

मेडिकलच्या आदल्या संध्याकाळी पेन्सिल तिच्या हातून निसटली. उचलायला ती वाकली आणि स्टूल नेहमीसारखं करकरलं.

“हो,” तो म्हणाला.

पेन्सिल जमिनीवर होती. तिला आधी वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा शहाण्या विद्यार्थ्यासारखा. ती हळूच उठली, खाली गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या अंगठ्याला केस टेकवला. तो गप्प. टाचेत नख रुतवलं. तरी गप्प. मग तिने रिकाम्या स्टुलावर हात दाबला.

“हो.”

तो लबाडी करत नव्हता, हेच तर वाईट होतं. त्याला खरंच वाटत होतं की आपल्याला कळतंय.

“काय मग? जमलं ना?” त्याने डोळे उघडून विचारलं.

“सगळं बरोबर,” ती म्हणाली.

सकाळी सांगू, असं तिने ठरवलं. सकाळी तो बुटांना पॉलिश करत गुणगुणत बसला होता. वाटेत सांगू म्हणाली. वाटेत दोघं दुसऱ्या ड्रायव्हरच्या बसमध्ये होते आणि हा प्रत्येक थांब्यावर नाक मुरडत होता. “बघ, बघ कसा दाबतोय! पाय आहे की मुसळ?” ती हसली आणि तिला रडूच आलं. खिडकीबाहेर तोंड करून तिने डोळे पुसले.

साखर झाली, रक्तदाब झाला, डोळे झाले. सगळं चोख. मग डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. “यांची साखर कधी एकदम उतरते का? घाम सुटतो, असंबद्ध बोलतात?”

“नाही हो. असंबद्ध बोलले तरी साखरेमुळे नसतं,” ती म्हणाली. डॉक्टर हसले. तोही हसला.

“बसा तुम्ही. पाय तेवढे बघतो.”

ती भिंतीकडच्या खुर्चीत टेकली आणि खुर्ची करकरली. तिने चटकन डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या चाकांच्या स्टुलाचा आवाज होत नव्हता. तो तपासणीच्या पलंगावर आडवा झाला, डोळे मिटले. डॉक्टरांनी तार काढली.

तिने करायचं काय होतं? दर वेळी जरासं पुढे झुकायचं, बस्स. नुसतं सावरून बसल्यासारखं. त्याची बस वाचली असती, नाव वाचलं असतं, आणि त्यालाही कधी कळलं नसतं. त्याच्यासाठी तिचा जीव तुटत होता. पण दांड्यावर आपटलेलं ते कपाळ डोळ्यांपुढून हलेना. तिने दोन्ही पाय जमिनीवर रोवले, खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या आणि श्वाससुद्धा जपून घेतला. खोलीत काहीच वाजलं नाही.

तो मात्र मजेत होता. डोळे मिटूनच म्हणाला, “घरी भरपूर सराव झालाय डॉक्टर. तुम्ही केव्हाही सुरू करा.”

डॉक्टरांनी तार टेबलावर ठेवली. दोन्ही पाय तपासून झाले होते.