काकांच्या कमरेचं माप

आमची काकू तीस वर्षं कपडे शिवतेय. गिऱ्हाइकांची सगळी मापं एका जाडजूड वहीत असायची. एकदा इस्त्रीचं पाणी सांडलं आणि निम्मी वही पुसली गेली. तेव्हा मी माझा जुना कॉम्प्युटर तिच्या दुकानात नेऊन ठेवला आणि दोन दिवस बसून उरलेली मापं त्यात भरली.

मग आला पासवर्ड. काकूने 'कात्री' ठेवलं, ते चालेना. बारा अक्षरं हवीत, त्यात एक मोठं, शिवाय आकडा आणि एखादी खूण.

"एवढ्या अटी तर लग्नाच्या वेळी तुझ्या काकांनीही घातल्या नव्हत्या," काकू म्हणाली.

काका तिथेच पेपर वाचत बसले होते. तिने त्यांना उभं केलं, टेप लावली आणि इंग्रजीत टाकलं: पहिलं अक्षर मोठं करून कंबर, आडवी रेघ, अडतीस, परत रेघ, इंच. सगळ्या अटी बसल्या.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा होता आणि जुना पुन्हा चालणार नव्हता. काकू निर्धास्त होती. काका नुकतेच निवृत्त झालेले, त्यामुळे कंबर दर खेपेला वाढतच होती. चाळिसावर मात्र ती अडली. कॉम्प्युटर म्हणाला, हा पासवर्ड वापरून झालाय.

"पोट आत घ्या," काकू म्हणाली. काकांनी घेतलं. नवा पासवर्ड झाला.

दुसऱ्या दिवशी बँडमास्तर अकरा कोटांचं काम घेऊन आले. जुनी मापं काढायला काकूने एकोणचाळीस टाकलं. चुकलं. पुन्हा टाकलं, पुन्हा चुकलं. आणखी एकदा चुकलं की अर्धा तास सगळं बंद. तिने काकांना आतून बोलावलं.

"काल घेतलं होतं तेवढंच आत घ्या."

"काल किती घेतलं होतं?"

"ते आठवत असतं तर तुम्हाला कशाला उठवलं असतं?"

बँडमास्तर मान वळवून भिंतीकडे बघत राहिले. टेपवर साडेएकोणचाळीस आले. अर्धा इंच काकू विसरली होती. कॉम्प्युटर उघडला आणि बँडमास्तरांना हसू आवरेना.

"आता मलाही उघडता येईल की हा," ते म्हणाले.

संध्याकाळी दुकानाचं दार लावून काकूने पासवर्ड बदलला. काकांनी विचारलं, "या खेपेला कोणाचं माप?"

"ते सांगायचं नसतं."

काका जरा खट्टू झाले. पण त्या दिवशी ते पट्टा सैल करून जेवायला बसले आणि भात दोनदा मागून घेतला.