गच्चीवरची सुकेळी

कंपनीने मुंबईतलं युनिट बंद केलं आणि मी पंचेचाळिशीत घरी बसलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बायको शाळेत शिकवायची. ती सकाळी गेली की गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. पण बसवत नसे. पेपर वाचून झाला की तोच पुन्हा उघडायचा. नळ गळत नसला तरी पाना घेऊन आवळून बघायचा. एका संध्याकाळी बायको म्हणाली, "दिवसभर घरात चालता किती? खालच्या वहिनी विचारत होत्या, वर फरशीचं काम काढलंय का."

दुसऱ्या दिवशी उठलो आणि सांडोरला काकीकडे गेलो. तिथे आमची केळीची वाडी होती. वाटण्या झाल्यावर वडिलांनी आमचा हिस्सा विकला, काकांनी आपला ठेवला. काका गेल्यापासून काकीच तो सांभाळत होती. ती आमच्या घरच्या बोलीत बोलायची. मला ती बोली कळते, पण तोंडात बसत नाही, म्हणून तिचं बोलणं माझ्या मराठीत सांगतो.

"घरी बसलास म्हणे," ती म्हणाली.

"बसलो कुठे? बसवत नाही."

तिने मला पडवीत नेलं. टोपलीत पेंढ्याखाली राजेळी केळी पिकत घातली होती. सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात, मधाच्या रंगाची, वर्षभर टिकणारी. लहानपणी आमच्या अंगणात मांडवभर सुकेळी असायची. काकीच्या अंगणात मात्र शेजारच्या नव्या इमारतीची सावली पडली होती.

"बाराच्या पुढे ऊन राहत नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "तुमच्याकडे गच्ची आहे ना? घेऊन जा."

"मला जमेल?"

"सकाळचा वारा डोंगराकडून येतो, तो कोरडा असतो. त्यात पसरायची. दुपार कलली की समुद्राकडचा सुटतो. त्यात ओल असते. तो लागायच्या आत उचलायची. आणि सारखा हात लावायचा नाही, फळ चिघळतं."

"वारा बदलला हे कळणार कसं?"

"उभा राहा. कळेल."

इतकी वर्षं त्या इमारतीत राहून आमच्या घरात वारा कुठल्या बाजूने येतो हे मला सांगता आलं नसतं. पंख्याखाली बसणारा माणूस मी. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून गच्चीवर टाकीजवळ विटांवर बांबूची चटई टाकली आणि सोललेली केळी मांडली. पहाटेच्या गारव्यात डोंगराकडून खरंच वारा येत होता. मला बरं वाटलं. तासाभराने पाहिलं, तर केळ्यांवर काळी भुकटी. इमारतीच्या मागे, डोंगराच्याच बाजूला, लोखंड घासणारे गाळे होते.

खाली येऊन काकीला फोन लावला, भुकटीचं सांगितलं.

"झाकून ठेवू का?"

"झाकलीस तर घाम सुटेल."

"मग काय करू? तुमच्या वेळी तिकडे भातशेती होती, काकी. आता कारखाने आहेत."

"ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

मी केळी ओल्या फडक्याने टिपली, माळ्यावरची जुनी मच्छरदाणी काढली आणि चार खुर्च्यांना ताणून बांधली. वारा आत येत होता, भुकटी बरीचशी अडत होती. तरी मन लागेना. जिने चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. कावळा बसला असेल, दोरी सुटली असेल. हात लावायचा नाही म्हटल्यावर हात कुठे ठेवायचे तेच कळत नव्हतं. तिसऱ्या प्रहरी कठड्याशी उभा राहिलो की कधीतरी मानेला चिकट, गार काहीतरी लागायचं आणि मी धावत चटई गुंडाळायचो.

केळी आक्रसून सोनेरी व्हायला लागली आणि फोन आला. जवळच्याच एका कारखान्यात स्टोअरसाठी माणूस हवा होता. "आज चारला या."

वारा अजून बदलला नव्हता, म्हणून केळी चटईवरच ठेवून गेलो; बायको त्या दिवशी शाळेतून उशिरा येणार होती. मालक आधीच्या कामाबद्दल विचारत होते, मी उत्तरं देत होतो, पण नजर त्यांच्या मागच्या खिडकीच्या पडद्याकडे. पडदा आत फुगला. "तुम्हाला घाई आहे का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी स्टोअर दाखवलं, चहा मागवला. घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. सुकेळी बोटांना चिकटत होती.

पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा ऊन दिलं आणि डबा घेऊन सांडोरला गेलो. काकीने एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"एक दिवस खाऱ्या वाऱ्यात राहिली," ती म्हणाली.

"नोकरीसाठी गेलो होतो. मिळाली."

"बरं झालं. नोकरी हवीच."

मग तिने सुकेळी निवडली. आंबूस लागणारी बाजूला काढली, ती लवकर संपवायची. चांगली होती ती माझ्यापुढे सरकवली आणि केळीच्या वाळक्या पानात घट्ट गुंडाळायला शिकवलं. माझ्या पहिल्या पुड्या सुटल्या. तिने त्या परत माझ्या हातात दिल्या.

"पौषात अजून एक घड उतरेल," ती म्हणाली.

"तेव्हा मी कामावर असेन, काकी."

"मग तुझ्या बायकोला पाठव. तिची सकाळची शाळा ना?"

घरी येऊन मी हे सांगितलं. बायको वह्या तपासत होती. तिने पुडी सोडली, एक सुकेळ खाल्लं, दुसरं उचललं आणि म्हणाली, "मच्छरदाणी धुऊन ठेवा आधी."